काउंटी कॉलेजातलं मेकॅनिकल टेक्नॉलॉजी: नाव नोंदवण्याआधी काय तपासाल?

पत्र: माझं वय ३४. मिरजेजवळच्या पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि कुपवाड एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या एका कारखान्यात तीन वर्षं क्वालिटीत काम केलं. लग्नानंतर न्यू जर्सीत एडिसनला आले. इतकी वर्षं एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावरच्या अवलंबित व्हिसावर) गेली. आता ग्रीन कार्ड हातात आलंय आणि धाकटा दिवसभर शाळेत असतो. काउंटी कॉलेजच्या (इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या) यादीत ‘मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ दिसलं आणि जीव तिथेच अडकला. नवरा म्हणतो, करायचंच तर सरळ चार वर्षांची डिग्री कर. मैत्रिणी म्हणतात, हे इथलं आयटीआय आहे, त्यापेक्षा सहा महिन्यांत सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकून घे. मला मशीनजवळ परत जायचंय. पण दोन वर्षं घालवल्यावर पुढचं दार बंद निघालं तर? आणि गणित सुटून तर एक तप झालं. काय करू? – एक वाचक, एडिसन

ताई, हा अभ्यासक्रम तुम्ही जरूर करावा असं आम्हाला वाटतं. मात्र एक निर्णय नाव नोंदवण्याआधीच घ्यावा लागतो. तो पुढे ढकलला तर वर्ष-दीड वर्ष हकनाक जातं, म्हणून आधी त्याबद्दल.

कॅटलॉगमध्ये दिसायला सारखे असे दोन अभ्यासक्रम असतात. एक तुम्ही पाहिलेला, मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी. त्याची पदवी ‘असोसिएट इन अप्लाइड सायन्स’, म्हणजे एएएस. दुसरा ‘इंजिनिअरिंग सायन्स’ किंवा नुसतं ‘इंजिनिअरिंग’. त्याची पदवी ‘असोसिएट इन सायन्स’, म्हणजे एएस. दोन्ही साठ-पासष्ट क्रेडिटचे, दोन्ही कागदावर दोन वर्षांचे. पहिला दोन वर्षांनी नोकरीला लागता यावं म्हणून बांधलेला आहे. त्यात ड्रॉइंग, कॅड, मशीन शॉप, सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन), मटेरियल्स, मेट्रॉलॉजी (मापनशास्त्र), हायड्रॉलिक-न्युमॅटिक, थोडं पीएलसी (मशीनचा नियंत्रक), स्टॅटिक्स (स्थिर वस्तूंवरची बलं) आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स येतं. दुसरा युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जाण्यासाठी आहे. त्यात कॅल्क्युलस १, २, ३, डिफरन्शिअल इक्वेशन्स, कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स आणि केमिस्ट्री असते. शॉप जवळजवळ नसतंच.

गफलत होते ती सारख्या नावांमुळे. स्टॅटिक्स दोन्हीकडे आहे, फिजिक्सही दोन्हीकडे आहे. पण टेक्नॉलॉजीचं स्टॅटिक्स अल्जिब्रा आणि ट्रिग्नॉमेट्रीवर शिकवतात, इंजिनिअरिंगचं कॅल्क्युलस आणि व्हेक्टरवर. कोर्सचे नंबर वेगळे असतात. टेक्नॉलॉजीचं फिजिक्स पूर्ण करून कोणी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या बी.एस.ला (चार वर्षांच्या पदवीला) गेलं, तर ते क्रेडिट बहुधा ‘फ्री इलेक्टिव्ह’ म्हणून लावतात आणि फिजिक्स पहिल्यापासून करायला सांगतात. न्यू जर्सीत २००७ च्या लॅम्पिट कायद्यामुळे राज्याच्या सार्वजनिक चार वर्षांच्या कॉलेजांना काउंटी कॉलेजातल्या एए आणि एएस पदव्यांची क्रेडिट एकगठ्ठा धरावी लागतात. एएएसला हे संरक्षण नाही. तिथे प्रत्येक कोर्सचा निवाडा वेगळा होतो.

मग दार बंद आहे का? नाही. दार वेगळं आहे. ‘मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ याच नावाची चार वर्षांची बी.एस. असते. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या न्यूअर्कच्या एनजेआयटीत (न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत) ती आहे. एएएस करून तिकडे जाता येतं आणि शॉप-कॅडचे तुमचे कोर्स तिथे वाया जाण्याची शक्यता बरीच कमी असते. तरी गृहीत धरू नका. कॉलेजच्या विभागप्रमुखांकडे सरळ विचारा: कोणत्या युनिव्हर्सिटीशी तुमचा लेखी ट्रान्सफर करार आहे, आणि त्यात कोर्सला कोर्स कसा जुळवलाय तो तक्ता मिळेल का? असा तक्ता असेल तर तो दोन पानांचा असतो आणि ते लगेच देतात. ‘बरीच मुलं जातात’ एवढंच उत्तर आलं, तर करार नाही असं समजा.

टेक्नॉलॉजीच्या बी.एस.ची एक मर्यादा आहे, ती आत्ताच सांगायला हवी. अमेरिकेत अभ्यासक्रमांची मान्यता एबेट ही संस्था पाहते, आणि इंजिनिअरिंग व इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी यांच्यासाठी तिची दोन वेगळी मंडळं आहेत. पी.ई. म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरचा परवाना राज्य देतं. काही राज्यं टेक्नॉलॉजीच्या पदवीवर जास्त वर्षांचा अनुभव मागतात, काही ती पदवी धरतच नाहीत. इमारतींचे एचव्हीएसी (वातानुकूलन-वायुवीजन) आराखडे सही करून द्यायचे असतील किंवा सल्लागार कंपनीत वर चढायचं असेल, तर हा परवाना लागतो. कारखान्यात उत्पादन, क्वालिटी, टूलिंग, डिझाइन यांत राहणाऱ्या बहुतेकांना तो आयुष्यभर लागत नाही. तुम्हाला मशीनजवळ जायचंय, म्हणून ही मर्यादा तुमच्या वाटेत येईल असं आम्हाला वाटत नाही. यजमानांचा आग्रह ‘इंजिनिअर’ या शिक्क्यासाठी असेल, तर हा फरक त्यांच्यासमोर ठेवा आणि दोघांनी मिळून ठरवा.

‘आयटीआय’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना सांगा की आयटीआयशी जुळेल असं इथे एका वर्षाचं मशीनिंगचं सर्टिफिकेट असतं, आणि तेही चांगलं काम आहे. असोसिएट पदवीची तुलना करायचीच तर आपल्या डिप्लोमाशी करावी. त्यावर तुम्ही विचाराल, डिप्लोमा तर आहेच, मग पुन्हा का? कारण इथल्या छोट्या-मध्यम कारखान्याचा मालक एमएसबीटीईचा (महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण मंडळाचा) कागद ओळखत नाही. मधली बारा वर्षं रेझ्युमेवर मोकळी दिसतात. कॅड पार बदललंय. आणि इथली ड्रॉइंग, इथली मापं, इथली स्टँडर्ड वेगळी आहेत, त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

टेस्टिंगच्या कोर्सबद्दल एवढंच, की तीन वर्षं शॉप फ्लोअरवर क्वालिटी केलेलं माणूस कारखान्याला हवं असतं. ती शिदोरी बाजूला ठेवून, ज्यात मन नाही अशा क्षेत्रात शून्यापासून सुरुवात करण्यात आम्हाला फायदा दिसत नाही.

आता गणित, कारण सगळं वेळापत्रक त्याच्यावर उभं आहे. प्रवेश घेताना प्लेसमेंट टेस्ट असते, बहुतेक ठिकाणी ॲक्युप्लेसर. ‘बघू किती येतं’ म्हणून लोक तयारी न करता बसतात आणि डेव्हलपमेंटल मॅथमध्ये (शाळेच्या गणिताच्या उजळणीत) पडतात. त्या कोर्सला पैसे लागतात, सेमिस्टर जातं आणि पदवीत क्रेडिट मोजलं जात नाही. तुमचं गणित मेलेलं नाही, नुसतं गंजलंय. सहा-आठ आठवडे रोज तासभर काढा. अपूर्णांक आणि घातांक, रेषीय व वर्ग समीकरणं, सूत्रातून हवी ती राशी सोडवून घेणं, काटकोन त्रिकोणाची ट्रिग्नॉमेट्री, साइन आणि कोसाइनचे नियम, लॉगॅरिदम, एवढं पक्कं करा. टेस्टमध्ये कॅल्क्युलेटर काही प्रश्नांनाच पडद्यावर मिळतो, म्हणून हाताने आकडेमोडीचीही सवय करा. सराव प्रश्न कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. शिवाय डिप्लोमाची गुणपत्रिका दाखवून टेस्टमधून सूट मिळते का, हे आधी विचारून घ्या. काही कॉलेजं देतात.

गणिताची साखळी अशी असते: ट्रिग्नॉमेट्री झाल्याशिवाय स्टॅटिक्स नाही, स्टॅटिक्सशिवाय स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स नाही, आणि त्याशिवाय शेवटच्या सेमिस्टरचा मशीन डिझाइन किंवा प्रोजेक्ट नाही. त्यात टेक्नॉलॉजीचे वर्ग लहान असल्यामुळे पुष्कळ कोर्स वर्षातून एकदाच भरतात, एक तर फॉलमध्ये किंवा स्प्रिंगमध्ये. फॉलमधलं स्टॅटिक्स हुकलं तर पुढचं स्टॅटिक्स वर्षानं. दोन वर्षांची पदवी तीन-साडेतीन वर्षांवर जाते ती बहुतेक वेळा यामुळेच, अभ्यास न झेपल्यामुळे नाही. म्हणून पहिल्याच भेटीत सल्लागाराकडे चारही सेमिस्टरचा तक्ता मागा आणि प्रत्येक कोर्ससमोर तो कधी भरतो आणि संध्याकाळी भरतो की दिवसा, हे लिहून घ्या.

आमचा आग्रह असा की टेक्नॉलॉजीच्या पदवीत अल्जिब्रा-ट्रिग्नॉमेट्रीवर भागत असलं, तरी तुम्ही तिथे न थांबता प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस १ घ्या. एका इलेक्टिव्हची जागा त्यात जाईल. टेक्नॉलॉजीच्या बी.एस.ला कॅल्क्युलस लागतंच, आणि उद्या मन बदलून इंजिनिअरिंगकडे वळावंसं वाटलं तर हाच कोर्स तिकडेही चालतो. डिप्लोमाला एम-१, एम-२ करताना तुम्ही डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रल केलेले आहेत, त्यामुळे पहिल्या महिन्यानंतर ते ओळखीचं वाटू लागेल.

डिप्लोमाची क्रेडिट मिळतील का? थोडी मिळू शकतात. त्यासाठी डब्ल्यूईएस किंवा ईसीईसारख्या संस्थेकडून कोर्सनिहाय मूल्यमापन करून घ्यावं लागतं. नुसत्या ‘डॉक्युमेंट बाय डॉक्युमेंट’ अहवालात विषयवार क्रेडिट नसतात, आणि कॉलेजला नेमकी तीच हवी असतात. ट्रान्सक्रिप्ट थेट संस्थेकडून जावं लागतं, त्यामुळे मिरजेला कोणी तरी हेलपाटे घालायला हवं. ते काम आजच सांगा, याला महिने लागतात. दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाचा बराचसा भाग इथे हायस्कूलच्या बरोबरीचा धरला जातो, त्यामुळे फार आशा नको. आणि क्रेडिट मिळत असलं तरी ड्रॉइंग, कॅड आणि मेट्रॉलॉजी यांतून सूट घेऊ नका. सूट घ्यायचीच तर वर्कशॉपच्या ओळखपर कोर्समधून किंवा एखाद्या सामान्य इलेक्टिव्हमधून घ्या.

याचं कारण आता सविस्तर. डिप्लोमा केलेल्या आपल्या माणसाला इथे अवघड विषय अडवत नाहीत, सवयी अडवतात.

पहिली सवय ड्रॉइंग वाचण्याची. आपण फर्स्ट अँगल प्रोजेक्शनवर वाढलो. त्यात वरून दिसणारा व्ह्यू समोरच्या व्ह्यूच्या खाली काढतात आणि डावीकडून दिसणारा उजवीकडे. अमेरिकेत थर्ड अँगल चालतं. इथे टॉप व्ह्यू वर असतो आणि उजवीकडून दिसणारा उजवीकडेच. डोळा जुन्या सवयीनं वाचतो आणि खाच किंवा भोक विरुद्ध बाजूला जातं. जॉब आरशातल्यासारखा उलटा निघतो, सगळी मापं मात्र बरोबर असतात, म्हणून चूक शेवटपर्यंत लक्षात येत नाही. टायटल ब्लॉकमधली कापलेल्या शंकूची खूण पाहिल्याशिवाय ड्रॉइंग वाचायचं नाही, अशी शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

दुसरी सवय मापांची. शॉपमध्ये इंच चालतात, तेही हजारांशात. ०.००१ इंचाला ‘थाऊ’ म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेल. पण इथला ऑपरेटर ‘टेन्थ’ म्हणतो तेव्हा त्याला इंचाचा दहावा भाग अभिप्रेत नसतो, थाऊचा दहावा भाग असतो, म्हणजे ०.०००१ इंच, साधारण अडीच मायक्रॉन. मायक्रोमीटरच्या स्क्रूला इंचाला ४० आटे असतात, त्यामुळे एका फेऱ्याला ०.०२५ इंच सरकतं, आणि थिंबलवर एकेका थाऊचे २५ भाग असतात. स्लीव्हवर ३ चा आकडा, त्यापुढे दोन छोट्या रेघा आणि थिंबलवर १८ असेल, तर वाचन ०.३०० + ०.०५० + ०.०१८ = ०.३६८ इंच. नेहमीची चूक अशी: थिंबल शून्याच्या थोडं अलीकडे असताना स्लीव्हवरची पुढची रेघ अर्धवट डोकावते, ती मोजली जाते आणि वाचन बरोबर ०.०२५ नं जास्त येतं. आपल्या मेट्रिक मायक्रोमीटरवर हीच चूक अर्ध्या मिलिमीटरची होते. उपाय तोच: आधी व्हर्निअरनं ढोबळ माप घ्यायचं, मग मायक्रोमीटर.

आट्यांचंही तसंच. एम६ चा पिच १ मिमी, टॅपसाठी ५ मिमीचं ड्रिल, हे तुम्हाला पाठ असेल. इथे त्याच्या जवळचा बोल्ट १/४-२०, म्हणजे पाव इंच व्यास आणि इंचाला २० आटे, आणि ड्रिल ‘नंबर ७’, म्हणजे ०.२०१ इंच. ड्रिल चार पद्धतींनी मोजतात: अपूर्णांक, नंबर, अक्षर आणि मिलिमीटर. १/४-२० च्या भोकात एम६ चा बोल्ट एखाद-दोन फेरे जातो, म्हणून बरोबर वाटतो. मग एक तर अडकतो किंवा ढिला राहून भार आल्यावर आटे सोलतो. पिच गेज खिशात ठेवा, मेट्रिक आणि इंची दोन्ही.

मटेरियलची नावं आठवडाभरात बसतील. ईएन८ च्या जागी १०४० किंवा १०४५, ईएन१९ साठी ४१४०, ईएन२४ साठी ४३४०, ईएन३१ साठी ५२१००. हे जवळचे पर्याय आहेत, तंतोतंत तेच नव्हेत, म्हणून उष्णता-प्रक्रियेचे आकडे ज्याच्या त्याच्या डेटाशीटमधूनच घ्या.

थर्मो आणि फ्लुइडमध्ये पाउंड दगा देतो, कारण वजनही पाउंडात आणि वस्तुमानही पाउंडात. न्यूटनचा नियम लावताना वस्तुमान स्लगमध्ये हवं. १०० पाउंड वजनाची वस्तू म्हणजे १०० भागिले ३२.२, साधारण ३.१ स्लग. उत्तर तीसेक पटींनी चुकलं तर चूक इथेच शोधा. परीक्षेत वेळ असेल तर गणित एसआयमध्ये (मेट्रिक एककांत) सोडवून शेवटी बदलू नका, त्यात नव्या चुका येतात. स्टीलचा ई (ताठरपणाचा गुणांक) २०० जीपीए तसा २९ दशलक्ष पीएसआय हाही आकडा पाठ करा आणि इथल्या एककांतच विचार करायला शिका.

आणि जीडी अँड टी, म्हणजे ड्रॉइंगवर भागाचं रूप आणि जागा यांची टॉलरन्स खुणांनी सांगण्याची पद्धत. कुपवाडच्या ड्रॉइंगवर तुम्ही पोझिशनची खूण पाहिली असेल, पण इथे हा विषय पूर्ण कोर्स म्हणून घ्या, इलेक्टिव्ह असला तरी. एएसएमई वाय१४.५ हे त्याचं स्टँडर्ड. भोकाची जागा दोन्ही दिशांना ±०.००५ दिली तर केंद्रासाठी ०.०१० चा चौकोन मिळतो. कोपऱ्यात ते केंद्र मध्यापासून ०.००७ लांब असतं आणि तरी पास होतं. मग बाजूकडेही तितकंच लांब असलेलं भोक रिजेक्ट का करायचं? म्हणून ०.०१४ व्यासाचं वर्तुळ देतात. मान्य क्षेत्र सुमारे ५७ टक्क्यांनी वाढतं आणि बसणारे जॉब विनाकारण भंगारात जात नाहीत. त्यात एमएमसीची (भागात जास्तीत जास्त धातू असतानाच्या मापाची) खूण असेल तर भोक सर्वांत लहान मापापेक्षा जितकं मोठं, तितकी पोझिशनला जादा सूट. ०.२५० चं भोक ०.२५४ निघालं, तर ०.०१४ चे ०.०१८ होतात. हे ज्याला कागदावर आणि सीएमएमवर (त्रिमितीय मापनयंत्रावर) दोन्हीकडे समजतं, त्याला क्वालिटी विभागात काम फार शोधावं लागत नाही. अमेरिकन आणि आयएसओ पद्धतीत एक मूळ फरक आहे: एएसएमईत मापाच्या टॉलरन्समध्ये भागाच्या रूपाचं (सरळपणा, गोलाई) बंधनही आपोआप येतं, आयएसओत ते वेगळं सांगावं लागतं. जर्मन ग्राहकाचं ड्रॉइंग अमेरिकन शॉपमध्ये आलं की वाद इथेच होतात.

शॉपबद्दल थोडं. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी लॅबच्या दिवशी घरी ठेवायची. ओढणी नको, केस बांधून टोपीत किंवा कॉलरच्या आत. फिरत्या मशीनवर हातमोजे अजिबात नकोत, मोजा अडकला की हात ओढला जातो. चकची (जॉब पकडून फिरवणाऱ्या पकडीची) किल्ली चकमध्येच राहिली नाही ना, हे पाहूनच स्विच. चिप ब्रशनं काढायची. झेड८७ (सुरक्षा-चष्म्याचं अमेरिकन स्टँडर्ड) छापलेला सेफ्टी चष्मा आणि चामड्याचे बंद बूट आपले आपण घ्या. स्पीड काढायचं सूत्र इथे असं चालतं: आरपीएम = ३.८२ × सरफेस फूट (कापण्याचा वेग, मिनिटाला फुटांत) भागिले व्यास इंचात. माइल्ड स्टीलवर एचएसएसच्या (हाय-स्पीड स्टीलच्या) अर्ध्या इंची एंड मिलला (मिलिंगच्या कटरला) १०० सरफेस फूट धरले तर साधारण ७६० आरपीएम. चार दात आणि प्रत्येक दाताला ०.००३ इंच धरलं तर फीड मिनिटाला ९ इंच. सुरुवातीला भीतीनं फीड फार कमी ठेवतात. मग दात कापण्याऐवजी घासतो, तापतो आणि धार जाते.

वेळेचा हिशेब क्रेडिटवर करू नका. तीन क्रेडिटच्या शॉप कोर्सला दोन तास लेक्चर आणि तीन तास लॅब, असे आठवड्याला पाच तास प्रत्यक्ष जावं लागतं. पंधरा क्रेडिट घेतली तर वीस-बावीस तास कॉलेजात, वर घरचा अभ्यास. घर आणि मुलं सांभाळून पहिल्या सेमिस्टरला ९ ते १० क्रेडिट पुरेत: गणित, ड्रॉइंग-कॅड आणि इंग्रजी किंवा मटेरियल्स. गणित आणि इंग्रजी रचना उन्हाळ्यात उरकता येतात, शॉप नाही. सेमिस्टर मध्येच झेपेना तर कोर्स सोडताना जपा. ‘डब्ल्यू’ (मध्येच सोडल्याचा शेरा) लागलेला कोर्सही घेतलेल्यांत मोजला जातो, आणि घेतलेल्यांपैकी साधारण ६७ टक्के क्रेडिट पूर्ण झाली नाहीत तर सरकारी मदत थांबते.

पैशांचं थोडक्यात. ग्रीन कार्ड असल्यामुळे तुम्ही एफएएफएसए (केंद्राच्या शिक्षण-मदतीचा अर्ज) भरू शकता, आणि आधी बॅचलर डिग्री नसल्यामुळे पेल ग्रँटचाही (केंद्राच्या परत न करायच्या मदतीचाही) विचार होतो. भारतातली बी.ई. झालेल्यांना ती मिळत नाही. न्यू जर्सीची कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट उत्पन्नावर असते आणि सेमिस्टरला किमान ६ क्रेडिट लागतात. उत्पन्न जास्त म्हणून दोन्ही हुकलं, तरी करामध्ये अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत मिळू शकतं. त्यासाठी किमान अर्धवेळ प्रवेश हवा. तुमच्या काउंटीत एखादा अभ्यासक्रम नसेल आणि शेजारच्या काउंटीत असेल, तर बाहेरचा जास्तीचा दर देण्याआधी ‘चार्जबॅक’चा अर्ज विचारा. त्यात फरक तुमची काउंटी भरते.

एच-४ वर असलेल्या वाचकांसाठी: या व्हिसावर शिकता येतं, पण ईएडीशिवाय (कामाच्या परवान्याशिवाय) पगारी इंटर्नशिप करता येत नाही, आणि केंद्राची मदत मिळत नाही. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) येऊ पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की असोसिएट पदवीवर १२ महिन्यांचं ओपीटी (शिक्षणाशी निगडित काम करण्याची मुभा) असतं, पण २४ महिन्यांची स्टेम वाढ बॅचलर आणि त्यापुढच्या पदव्यांनाच आहे, आणि एच-१बीलाही (नोकरीच्या व्हिसालाही) बॅचलर किंवा त्याच्या तोडीची पात्रता लागते. भारतातून केवळ या दोन वर्षांसाठी यावं असं आम्ही सुचवणार नाही.

नोकरीकडे तुम्ही दुसऱ्या सेमिस्टरपासूनच पाहायला लागा. क्वालिटी टेक्निशियन, सीएमएम ऑपरेटर, कॅड ड्राफ्टर, मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन, सीएनसी प्रोग्रामर, फील्ड सर्व्हिस ही या पदवीची कामं. यात क्वालिटीची वाट तुमच्यासाठी सगळ्यांत जवळची आहे. कुपवाडला तुम्ही भरलेली पीपीएपीची फाइल (भाग मंजूर करून घेण्याची कागदपत्रं), कंट्रोल प्लॅन, एफएमईए (संभाव्य दोषांचा आधीच केलेला अभ्यास) या सगळ्यांची मॅन्युअल मिशिगनच्या एआयएजी या वाहन उद्योगाच्या संस्थेचीच. तेव्हाच्या टीएस १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डची जागा २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ नं घेतली, हा एक मोठा बदल. रेझ्युमेत ‘क्वालिटीत काम केलं’ असं मोघम लिहू नका. कोणते भाग, कोणती मापनयंत्रं, किती टॉलरन्स, किती पीपीएपी फाइल्स, गेज आर अँड आर (मापनातल्या फरकाची तपासणी) केलं होतं का, हे लिहा. वैद्यकीय उपकरणं आणि विमानांचे भाग बनवणारे इथले छोटे कारखाने ‘फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन’ (पहिल्या भागाची संपूर्ण तपासणी) करणारं माणूस शोधत असतात, आणि ते काम पीपीएपी केलेल्याला लवकर जमतं. संरक्षणाच्या कामात जिथे ‘यू.एस. पर्सन’ लिहिलंय तिथे ग्रीन कार्ड चालतं. ‘सिटिझन’ किंवा ‘क्लिअरन्स’ लिहिलं असेल तर नाही.

अर्धवेळ इन्स्पेक्टरची नोकरी मध्येच मिळाली तर घ्या, मात्र एक गोष्ट विचारून: शिक्षणाची फी देता का? कंपनीनं वर्षाला दिलेले ५,२५० डॉलर कर्मचाऱ्याला करमुक्त असतात, म्हणून पुष्कळ कंपन्यांत अशी योजना असते. काउंटी कॉलेजच्या फीचा मोठा भाग त्यात भागू शकतो, आणि पुढे बी.एस.च्या वेळीही ती उपयोगी पडते.

सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरची सीएसडब्ल्यूए परीक्षा कॅडचा दुसरा कोर्स झाल्यावर द्या. त्यात पार्ट बनवून त्याचं वस्तुमान सांगायचं असतं. मॉडेल बरोबर असूनही उत्तर चुकतं, कारण एकक किंवा मटेरियल बदललेलं नसतं. प्रत्येक प्रश्न सुरू करताना आधी ते दोन लावून घ्या, मग स्केच. कॅल्क्युलेटर मात्र जुनाच चालेल. पुढे कधी पी.ई.च्या आधीची एफ.ई. परीक्षा द्यायची झाली, तर तिथेही कॅसिओ एफएक्स-९९१ ला परवानगी आहे. फक्त एखादे गणिताचे शिक्षक टीआय-८४ हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर मागतात. तो वर्ग सुरू झाल्यावर घ्या, कॉलेजच्या ग्रंथालयातून सेमिस्टरभरासाठीही मिळतो.

नाव नोंदवण्याआधी विभागाला एक ईमेल पाठवा आणि त्यात एवढं विचारा: अभ्यासक्रमाला एबेटच्या टेक्नॉलॉजी मंडळाची मान्यता आहे का, ट्रान्सफर करार कोणाशी आहे, कोणते कोर्स वर्षातून एकदाच भरतात, शॉपमध्ये एका वर्गात किती विद्यार्थी आणि किती चालू लेथ-मिल आहेत, सीएमएम आहे का, गेल्या वर्षी इंटर्नशिपला मुलं कुठे गेली. उत्तरं लेखी ठेवा. मग एका संध्याकाळी लॅब चालू असताना परवानगी घेऊन पाहून या. सोळा मुलं आणि चार चालू मशीन दिसली तर शेजारच्या काउंटीचं शॉपही पाहा. एक चार्जबॅकचा अर्ज भरणं, दोन वर्षं मशीनच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा सोपं आहे.